'खंबीर' म्हणू नका, विचारा

स्फोटानंतर डोंबिवलीत दोन प्रकारची माणसं दिसतात. काही रडतात, दचकतात, रात्री ओरडत उठतात. त्यांच्याकडे लक्ष जातं. काही मात्र अगदी शांत असतात. त्यांना आपण 'खंबीर' म्हणतो. माझं भांडण या शब्दाशी आहे.

२६ मे २०१६ ला एमआयडीसीतल्या प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, १२ माणसं गेली. २३ मे २०२४ ला अमुदान कंपनीत पुन्हा तेच. काचा फुटल्या, पत्रे उडाले, पंचनामे झाले. पंचनाम्यात खिडकी मावते, खिडकीमागे उभं असलेलं माणूस मावत नाही.

ते माणूस शांत दिसतं, कारण ते तिथे पूर्ण नसतंच. स्वतःचे हात परक्याचे वाटतात. आपण लांबून स्वतःकडे बघतोय असं वाटतं. फलाटावरची गर्दी काचेपलीकडची किंवा स्वप्नातली भासते. आघातानंतरच्या आजारात, म्हणजे पीटीएसडीमध्ये, काही जणांना हे वारंवार होतं. २०१३ साली आलेल्या 'डीएसएम-५' या निदानाच्या पुस्तकाने या आजाराचा असा वेगळा उपप्रकारच नोंदवलाय. पळता येत नाही, लढता येत नाही, तेव्हा मेंदू भावनेचाच आवाज बंद करतो. त्या क्षणी हा बचाव असतो. धोका टळल्यावरही तो सुटला नाही, तर आजार.

'लोकलमध्ये सगळ्यांचीच तंद्री लागते, त्यात काय?' असं कुणी म्हणेल. तंद्री हाक मारली की मोडते आणि तिने कुणाचं आयुष्य अडत नाही. इथे जळका वास किंवा एक मोठा आवाज पुरतो आणि माणूस तुटतं. असा कामगार दुसऱ्या दिवशी मशीनवर उभा राहिला तर? ठेकेदाराला माणूस हजर हवा असतो. मनाने हजर आहे का, हे मस्टरवर लिहीत नाहीत.

मग हे लोक बोलत का नाहीत? कारण बोललं की उत्तर ठरलेलं: 'ठाण्याला पाठवा याला.' ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. सव्वाशे वर्षांत आपण त्या उपचाराच्या जागेचा विनोद करून ठेवला. तो विनोद ऐकतच मोठं झालेलं माणूस 'मला मी खरा वाटत नाही' हे वाक्य कुणाला सांगणार?

स्फोटातून वाचलेल्या प्रत्येकाला आजार होतो असं मी म्हणत नाही. बहुतेक जण हळूहळू सावरतात. म्हणूनच विचारणं गरजेचं आहे. पीटीएसडीचं निदान महिनाभर लक्षणं टिकल्यावरच होतं. मग पंचनाम्याच्या यादीतल्या घरांत आणि कारखान्यांत महिन्याभराने पुन्हा जायला पालिकेला काय अडचण आहे? झोप कशी आहे, इतकंच विचारून थांबू नका. आजूबाजूचं सगळं खोटं वाटतं का, मधला वेळ गायब होतो का, हेही विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चातून उपचार मिळणं हा हक्क केलाय. ती मेहेरबानी नाही.

तोवर आपल्या हातात एवढं आहे. शेजारचं कुणी फारच शांत झालं असेल, तर शाबासकी देऊ नका. शेजारी बसा, नावाने हाक मारा, पाय जमिनीला टेकवून आजूबाजूच्या पाच वस्तू सांगायला सांगा. 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. आणि त्यांनी काही विचित्र वाटणारं सांगितलं, तर हसू नका.