फ्लोराइडची भीती चुकीच्या पत्त्यावर

कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो फॉरवर्ड अधूनमधून येतोच: नळाच्या पाण्यात फ्लोराइड असतं, त्याने पोरांचं डोकं मंद होतं, सरकार लपवतंय. मागोमाग कुणीतरी प्युरिफायरची लिंक टाकतं. माझा राग फॉरवर्ड साफ खोटा आहे म्हणून नाही. त्यात अर्धं खरं आहे, आणि ते ज्यांच्या बाबतीत खरं आहे त्यांचा ग्रुपवर कुणी विचारच करत नाही.

आधी आपला नळ. अमेरिकेत दात किडू नयेत म्हणून १९४५पासून पाण्यात फ्लोराइड मिसळतात. आता प्रमाण लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम. वाद तिथला आहे. युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी २०२५मध्ये ते बंद करायचा कायदा केला. मुंबईत ते मिसळतच नाहीत. आपलं पाणी भातसा, तानसा, वैतरणेच्या धरणांचं, म्हणजे पावसाचं. त्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. क्लोरीन वेगळं, फ्लोराइड वेगळं. जे घालतच नाहीत ते बंद कसं करणार?

आता खरा भाग. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामचा ऑगस्ट २०२४चा अहवाल म्हणतो, पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असेल, तर मुलांचा बुद्ध्यांक कमी असण्याशी त्याचा संबंध दिसतो, खात्री ‘मध्यम’. ०.७बद्दल ठरवायला पुरावा अपुरा आहे.

हा १.५चा आकडा आपल्याही मानकात आहे. एरवी मर्यादा १, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. ती ओलांडणाऱ्या बोअरवेल यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांत सापडल्या आहेत. तिथे कुणी काही मिसळत नाही, खडकातूनच फ्लोराइड पाण्यात उतरतं. आधी पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं की हाडं वाकतात. बुद्धीची काळजी करायची तर या पोरांची करायला हवी.

‘काळजी घेतली तर बिघडलं कुठे?’ असं विचारतात. बिघडतं. लक्ष आणि पैसा दोन्ही मोजकेच असतात. मुंबईच्या वस्त्यांमधला खरा धोका गटारालगतच्या गळक्या पाइपातून येणाऱ्या घाणीचा आहे; सारखे जुलाब होणारं पोर वाढीत मागे पडतं. त्यावर मात्र फॉरवर्ड येत नाही.

उपाय नाहीत असंही नाही. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ने कित्येक दशकांपूर्वी दिली. फ्लोरोसिस रोखण्याचा केंद्राचा कार्यक्रम २००८-०९पासून आहे. म्हणून मागणी साधी आहे. या जिल्ह्यांतल्या प्रत्येक हातपंपावर त्याचा फ्लोराइडचा आकडा आणि तपासणीची तारीख रंगवा. सुरुवात शाळेपासून करा. १.५च्या वर असेल तिथे आधी दुसरं पाणी द्या, चर्चा नंतर. फॉरवर्ड करायचंच असेल, तर ही मागणी करा.