कान आमचे, गोष्ट कुणाची?

गेल्या महिन्यात देगलूरला आमच्या गटाची बैठक झाली. बायकांनी मोबाइलवर काय ऐकावं, हा विषय होता. मी विज्ञानकथांच्या आणि अद्भुतकथांच्या मालिका सुचवल्या. एक जुन्या कार्यकर्त्या ताई लगेच म्हणाल्या, "जन्मभर आपण भानामतीशी भांडलो. आता आपणच चेटकिणीच्या गोष्टी ऐकवायच्या?"

ताईंचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या नांदेड-लातूरकडे भानामतीच्या नावाने घुमली ती बहुतेकदा बाईच, आणि करणीचा आळ आला तोही बाईवरच. जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं. तरीही ताईंचं म्हणणं मला पटत नाही. भानामती सांगणारा म्हणतो, हे खरं आहे, घाबर. अद्भुतकथा मात्र सुरुवातीलाच कबूल करते की हे सगळं रचलेलं आहे, पण असं असतं तर काय झालं असतं? एक बाईचं तोंड बंद करते, दुसरी तिला प्रश्न विचारायला लावते. दोघींना एकाच दावणीला का बांधायचं?

टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची 'डिस्कवर्ल्ड' ही ४१ कादंबऱ्यांची मालिका घ्या. थाळीसारखं चपटं जग, ते चार हत्तींच्या पाठीवर आणि हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर! त्यातल्या 'इक्वल राइट्स' (१९८७) मध्ये मरायला टेकलेला जादूगार आपली काठी आठव्या मुलाच्या आठव्या मुलाला द्यायला येतो. बाळ मुलगी आहे, हे बघायचंच राहून जातं. जादूगारांच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नाही. मग तिच्यासाठी उभी राहते ती गावातली म्हातारी चेटकीण. ही बाळंतपणं करते, झाडपाला ओळखते, आणि तिची निम्मी जादू म्हणजे माणसाचं मन ओळखणं. ताई, अशा किती म्हाताऱ्यांना आपल्या गावांनी चेटकीण ठरवलं?

उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची 'अर्थसी' मालिका १९६८ मध्ये सुरू झाली. तिच्यातही जादूची शाळा पुरुषांचीच. पण १९९० च्या 'तेहानू'ची नायिका आहे शेतकऱ्याची मध्यमवयीन विधवा. ती आगीत भाजलेल्या, अत्याचार सोसलेल्या एका पोरीला सांभाळते. आपणच उभारलेल्या जगात बायकांना जागा का नव्हती, हे लेखिका स्वतःलाच विचारते. आपल्या चळवळीतल्या किती जणांनी असं धाडस केलं?

हसायचं असेल तर डग्लस ॲडम्स. त्याची 'हिचहायकर्स गाइड' १९७८ मध्ये आधी बीबीसी रेडिओवर आली, पुस्तक नंतर. म्हणजे ती जन्मलीच कानांसाठी. रस्त्यासाठी एका माणसाचं घर पाडायला यंत्रं येतात, आणि त्याच दिवशी अंतराळातल्या रस्त्यासाठी अख्खी पृथ्वी पाडली जाते. नोटीस म्हणे केव्हाच लावली होती! लेंडी प्रकल्पात घरदार गेलेल्या बाईला हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

आणि हे सगळं परक्यांचं म्हणू नका. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' १९०५ साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात आली. त्यात पुरुष पडद्यात आणि बायका उन्हाची उष्णता साठवून देश चालवतात. गोष्ट छोटी आहे. सुरुवात तिच्यापासूनच करा.

ऐकण्यावर माझा भर का? भाकरी थापताना, खुरपताना, शिलाई मशीनवर आपले हात गुंतलेले असतात. कान मोकळे असतात. आपल्या आज्यांनी श्रावणातल्या कहाण्या कानांनीच जपल्या. आज त्याच कानांत दिवसभर सासू-सुनांची भांडणं, बुवांची प्रवचनं आणि 'सुगृहिणी कसं व्हावं' याचे सल्ले ओतले जातात. त्यावर कुणी बैठक बोलावत नाही. बाईने परग्रहाची गोष्ट ऐकली की मात्र वेळ वाया जातो!

अडचण आहे ती भाषेची. वर सांगितलेल्या मालिका इंग्रजीत ऐकायला मिळतात, पण देगलूरच्या बाईला त्यांचा काय उपयोग? विज्ञानकथा मराठीला नवी नाही. जयंत नारळीकरांनी ती घराघरांत नेली. बोलती पुस्तकंही मराठीत निघू लागली आहेत. म्हणून प्रकाशकांकडे आपली मागणी अशी: या मालिका मराठीत आणा, बायकांच्या आवाजात आणा, आणि मराठीत लिहिणाऱ्या बायकांकडून नव्या लिहून घ्या.

तोवर हातावर हात धरून बसायचं कारण नाही. गटातल्या कॉलेजच्या पोरींनी ऐकावं आणि बैठकीत आपल्या बोलीत सांगावं. त्यात तेलुगू, कन्नड मिसळलं तरी चालेल.

ताई, पुढच्या बैठकीला त्या म्हाताऱ्या चेटकिणीची गोष्ट मी सांगणार आहे. तुम्ही या. ऐकून झाल्यावर खुशाल भांडा.