ब्लॉग काढताय? मग आधी आपल्या वर्गातलं लिहा



गेल्या काही महिन्यांत तीन-चार सहकाऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, मलाही स्वतःचा ब्लॉग काढायचाय. काय काय करावं लागतं?" खरं सांगायचं तर ब्लॉग काढायला अर्धा तास पुरतो. ई-मेल खातं असेल तर ब्लॉगरवर पैसे न भरता जागा मिळते. अवघड असतं ते पुढचं, म्हणजे त्यावर काय ठेवायचं आणि काय नाही. याबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे, आणि ते माझ्याच चुकीतून झालं आहे. म्हणून आधी ती चूक सांगते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. मुलांपर्यंत काहीतरी पोहोचावं म्हणून मी ब्लॉग सुरू केला. 'माझी आई', 'पावसाळ्यातील एक दिवस', 'माझा आवडता सण' असे तयार निबंध लिहून टाकायचे आणि पालकांच्या ग्रुपवर लिंक पाठवायची. वाचकांचा आकडा वाढत गेला तसा मलाही हुरूप आला. पुढे शाळा सुरू झाल्या, ब्लॉगही सुरू राहिला.

एका फेब्रुवारीत मी चौथीच्या मुलांना 'माझी आई' हा निबंध घरून लिहून आणायला सांगितला. एकवीस वह्या आल्या आणि त्यातल्या नऊ वह्यांत एकच निबंध होता. "माझी आई सकाळी लवकर उठून माझा डबा भरते आणि मग ऑफिसला जाते." त्या नऊ जणांपैकी एकाचीही आई ऑफिसला जात नव्हती. बऱ्याच जणी त्या दिवसांत कांदे काढायला जात होत्या. एका मुलीची आई ऊसतोडीला गेलेली, ती आजीजवळ राहायची. तिनेही 'आई माझा डबा भरते' हे वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. मी त्याखाली 'छान' लिहून सही करणार, तेवढ्यात वाक्य ओळखीचं वाटलं. ते माझंच होतं. (मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून इथले तपशील मुद्दाम बदलले आहेत. त्याचं कारण पुढे येईलच.)

मुलांना रागवावं असं वाटलं नाही. त्यांनी मला हवं तेच आणून दिलं होतं. निबंध म्हणजे आपलं घर सोडून दुसऱ्याच्या चांगल्या घराबद्दल लिहायचं, हे माझ्याच ब्लॉगने त्यांना शिकवलं होतं. म्हणून नव्याने ब्लॉग काढणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे की तयार माल ठेवू नका. तुमच्या वर्गात काय झालं ते लिहा.

वर्गातलं म्हणजे नेमकं काय?

मी तो निबंध काढून टाकला आणि त्याच विषयावर पुन्हा तास घेतला. फळ्यावर फक्त चार प्रश्न लिहिले. आई उठल्यावर पहिलं काम कोणतं करते? तिच्या हाताला कशाचा वास येतो? तिला राग कशाचा येतो? तिचं कोणतं वाक्य तू रोज ऐकतोस? मुलं आधी एकमेकांकडे बघत बसली. मग एकाने लिहिलं, "आईच्या हाताला कांद्याचा वास येतो, साबणाने धुतला तरी जात नाही." शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, पण वाक्य त्याचं होतं. ऊसतोडवाल्या आईच्या लेकीने फोनवर ऐकू येणारं वाक्य लिहिलं, "जेवलीस का गं?"

नंतर ब्लॉगवर मी हा तास टाकला. कोणते प्रश्न विचारले, कोणता प्रश्न फसला ('आई तुला का आवडते?' याला सगळ्यांनी 'ती प्रेमळ आहे म्हणून' एवढंच उत्तर दिलं), किती वेळ लागला, मागे पडलेल्या मुलांना काय मदत केली, हे सगळं. तो लेख तयार निबंधांइतका वाचला गेला नाही. पण ज्यांनी वाचला त्यांच्यापैकी काहींनी तोच तास आपल्या वर्गात घेऊन कळवलं. मला वाटतं, शिक्षकाच्या ब्लॉगचं खरं काम हेच आहे.

पालक यावर विचारतात, "मॅडम, आम्ही फार शिकलेलो नाही. नमुना नसेल तर पोराला घरी दाखवायचं काय?" हा प्रश्न खरा आहे. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी शिकतंय तिथे नमुना लागतोच. म्हणून मी नमुना पूर्ण बंद केला नाही. आता एकाच विषयाचे दोन छोटे नमुने देते, दोन वेगळ्या घरांचे. शेवटी प्रश्न देते. दोन आया वेगळ्या दिसल्या की तिसरी आपली आई आठवते. पालकांना एवढंच सांगते की नमुना वाचून दाखवा, मग मोबाईल बाजूला ठेवा आणि पोराला तोंडी बोलू द्या. त्याला अक्षर ओळखणारं माणूस लागत नाही, ऐकणारं लागतं.

आता कामाच्या गोष्टी

१) युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या मोबाईलवर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो आणि शोधून सापडतही नाही. मोबाईलवर बोलून टाईप करणं सोपं आहे, पण विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ स्वतः तपासा. मराठीच्या शिक्षकाने 'कि' आणि 'की' मध्ये घोळ केला तर तो पन्नास वह्यांत उतरतो.

२) शीर्षक नेमकं द्या. 'महत्त्वाची माहिती' किंवा 'नक्की वाचा' यातून काही कळत नाही. 'इयत्ता चौथी, वर्णन लेखन: आमचा आठवडी बाजार' असं शीर्षक दिलं की हवं असलेल्या शिक्षकाला ते बरोबर सापडतं. इयत्ता आणि विषय यांची लेबलं पहिल्या दिवसापासून लावा. शंभर लेख झाल्यावर ती लावत बसणं म्हणजे मोठं काम होऊन बसतं.

३) शासन निर्णय आणि पाठ्यपुस्तकं आपल्या ब्लॉगवर चढवू नका. बालभारतीची पुस्तकं त्यांच्याच संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळतात, तिथली लिंक द्या. शासन निर्णयाचंही तेच. नवा निर्णय आला तरी तुमच्या पानावर जुनाच राहतो आणि कुणीतरी त्यावर विसंबून अर्ज करतो. लिंक देतानाही निर्णयाची तारीख लिहायला विसरू नका.

४) दुसऱ्याचं उचलू नका. 'साभार' लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. कवी-लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं त्यांच्या साहित्यावर हक्क राहतो. त्यामुळे आवडलेली कविता पूर्ण छापण्याऐवजी ती वर्गात कशी शिकवली ते लिहा. चित्रं इंटरनेटवरून घेण्यापेक्षा फळ्याचा, शाळेच्या झाडाचा, मुलांनी मातीत काढलेल्या नकाशाचा फोटो स्वतः काढा. तो तुमचा असतो आणि जास्त बोलतोही.

५) मुलांना सांभाळा. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उत्साहाच्या भरात आपण चेहरे, पूर्ण नावं, गुण, कधी कधी तर आधार क्रमांक असलेल्या याद्याही टाकून मोकळे होतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे, आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा. आज चौथीतल्या मुलाच्या चुकांनी भरलेल्या वहीचा फोटो त्याच्या नावासह टाकला, तर तो दहावीत गेल्यावरही तिथेच असेल. माझा नियम सोपा आहे. चेहरा नाही, नाव नाही, गुण नाहीत. हात, वही, पाठमोरी रांग चालेल. आणि लहान गावात नाव न लिहूनही मूल ओळखू येतं. वीस पटाच्या शाळेत 'आई ऊसतोडीला गेलेली मुलगी' म्हटलं की गावाला कळतं कोण ते. म्हणून तपशील बदला, किंवा ती गोष्ट लिहूच नका.

६) झेपेल तेवढंच ठरवा. 'रोज एक लेख' म्हणणारे ब्लॉग पहिल्या परीक्षेलाच थांबतात. महिन्याला दोन लेख पुष्कळ झाले. मी तास संपल्यावर टाचणाच्या वहीत समासात दोन ओळी लिहून ठेवते आणि रविवारी त्यातलं एक घेते. शाळेच्या वेळेत ब्लॉग लिहायचा नाही, हे तर ओघाने आलंच.

७) पैशांचा हिशोब आधीच करा. स्वतःच्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन, घेतलं तर त्याचं नूतनीकरण वेळच्या वेळी करावं लागतं. ते विसरलं की पत्ता जातो आणि पाठवलेल्या सगळ्या लिंक निकामी होतात. वर्षभर मोफत जागेवर लिहा, टिकलात तर डोमेन घ्या. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये सगळ्या लेखांची प्रत उतरवून घेण्याची सोय आहे. दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीत ती प्रत काढून ठेवा.

८) जाहिरातींच्या मागे लागण्याआधी विचार करा. परीक्षा जवळ आली की तयार निबंधांना वाचक मिळतात, हे मी पाहिलं आहे. जाहिरातीतून मिळणारे पैसे वाचकांच्या गर्दीवर अवलंबून असल्याने आपणही नकळत तेच पुरवायला लागतो. जाहिरात लावणं पाप नाही. पण आपण लेख मुलांसाठी लिहितोय की आकड्यासाठी, हा प्रश्न दर काही महिन्यांनी स्वतःला विचारायलाच हवा.

शेवटी एवढंच

'माझ्या वर्गात असं काय वेगळं घडतं, जे लोकांनी वाचावं?' असं वाटून अनेक जण सुरुवातच करत नाहीत. दोन इयत्ता एकत्र बसवून तुम्ही गणिताचा तास कसा घेता, बोलीत बोलणाऱ्या पोराला प्रमाण भाषा कशी देता, हातच्याची वजाबाकी कुठे अडते, हे तुम्हाला रोजचं वाटतं. पलीकडच्या तालुक्यात पहिल्यांदाच रुजू झालेल्या शिक्षकाला ते सोन्यासारखं असतं. फसलेला तास तर त्याहून उपयोगी, कारण फसलेलं सहसा कुणी सांगत नाही.

ऊसतोडीच्या त्या आईला पट्टा पडल्यावर लेकीची वही दाखवली. तिला वाचता येत नाही. मुलीनेच वाचून दाखवलं. 'जेवलीस का गं' आलं तशी ती हसली आणि म्हणाली, "हे तर माझंच बोलणं की!"

पहिला निबंध वाचून दाखवला असता तर ती असं म्हणाली नसती. तुमचा पहिला लेख लिहायला बसाल तेव्हा एवढं आठवा.