धीर पुरे, माहिती द्या

२०२५ या वर्षाचा आढावा घ्यायचा तर विषयांना तोटा नाही. पहिलीपासूनच्या हिंदीवरून रण माजलं आणि जूनअखेर सरकारला आपले निर्णय मागं घ्यावे लागले. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. जयंत नारळीकर गेले. सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्यात पिकांबरोबर शेतातली मातीही वाहून नेली. या सगळ्यावर इतर दिवाळी अंकांत पानंच्या पानं वाचायला मिळतील, आणि आमचे वाचक ती वाचून झाल्यावर, फराळाचे डबे तळाला गेल्यावर, निवांतपणे आमच्याकडे वळतात हे आम्ही गृहीत धरलं आहे. त्यामुळे ही जागा आम्ही एका वाक्यावर खर्च करणार आहोत. वर्षभर ते डोक्यात ठसठसत होतं. महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या इस्पितळांच्या कॅज्युअल्टीत ते चांगल्या हेतूनं, पाठीवर हात ठेवून बोललं जातं: ‘काही झालेलं नाही, रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका.’

हे वाक्य ज्याला ऐकवलं जातं तो तासाभरापूर्वी मरणार होता, निदान त्याची तशी खात्री झाली होती. चालत्या लोकलमध्ये, बँकेच्या रांगेत किंवा घरी जेवून उठल्यावर, काही कारण नसताना छाती धडधडायला लागली, श्वास पुरेनासा झाला, हातापायांना मुंग्या आल्या, घाम फुटला, आजूबाजूचं सगळं खोटं वाटायला लागलं. पाच-दहा मिनिटांत हे टोकाला गेलं. रिक्षा करून इस्पितळात पोचेपर्यंत बरंचसं ओसरलंही होतं, आणि ई.सी.जी. काढला तर तो नॉर्मल. मग ‘गॅस असेल’ म्हणून एक इंजेक्शन, आणि वरचं वाक्य. हा पॅनिक अ‍ॅटॅक. तो दुर्मीळ आहे असं कोणी समजू नये. कॅनडातल्या माँट्रिअलच्या हृदयरोग संस्थेत छातीत दुखतं म्हणून आलेल्या ४४१ रुग्णांची पाहणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याला पॅनिक डिसऑर्डर होता, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांच्या तो जवळजवळ कधीच लक्षात आला नव्हता. शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव जणांचा निसटला. ही गोष्ट एका नामांकित हृदयरोग संस्थेतली, तज्ज्ञांच्या हातून घडलेली. तालुक्याच्या इस्पितळात रात्री दोन वाजता एकट्यानं ड्युटी करणाऱ्या डॉक्टरला दोष देण्यात म्हणूनच अर्थ नाही. आमचा राग त्या वाक्यावर आहे.

कारण ते खोटं आहे. काहीतरी निश्चित झालेलं असतं, आणि ते नीट सांगता येतं. धोका दिसला की शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागतं, हे वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञानं १९१५ साली मांडलं. अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरतं, हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो, घाम येतो. पळायचं असेल तर ही तयारी कामाची. माणूस बसल्या जागी असेल तर त्या भराभर श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि डोकं हलकं होतं. रक्तातलं रासायनिक गणित बदलल्यानं बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. म्हणजे गुदमरल्यासारखं वाटणारा माणूस बहुधा गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये असंच काही पाहून डा कोस्टा या डॉक्टरनं १८७१ साली त्याला चिडक्या हृदयाचा आजार म्हटलं होतं, म्हणजे हृदयाकडे बोट दाखवण्याची खोड जुनीच आहे. १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात या आजाराला स्वतंत्र जागा मिळाली आणि १९८६ साली डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं त्याचं आतलं चक्र मांडलं. छाती धडधडते. माणूस तिचा अर्थ लावतो की हार्ट अ‍ॅटॅक आला. त्या अर्थानं तो घाबरतो, घाबरल्यानं छाती आणखी धडधडते, आणि अर्थ पक्का होतो. पहिली धडधड जिना चढल्याची असेल, दुसऱ्या कपाच्या कॉफीची असेल किंवा अपुऱ्या झोपेची. चक्र फिरतं ते अर्थावर.

आता कॅज्युअल्टीतलं ते वाक्य या चक्रात टाकून पाहा. ‘काही झालेलं नाही’ ऐकणाऱ्याला आपलं शरीर काय करत होतं ते कळत नाही. त्याच्यापुढं दोनच अर्थ उरतात: डॉक्टरांना सापडलं नाही, किंवा आपण वेडे होत चाललो आहोत. पहिला अर्थ धरणारा टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट, मग दुसरा कार्डिओलॉजिस्ट, मग पुण्या-मुंबईचा तिसरा अशी वारी करतो. दुसरा धरणारा गप्प बसतो. दोघंही पुढच्या झटक्याची वाट पाहत राहतात, आणि खरा आजार इथं सुरू होतो. एखादा झटका पुष्कळांना आयुष्यात कधीतरी येऊन जातो. आजार म्हणायचा तो पुन्हा येईल या धास्तीला आणि त्या धास्तीपायी आवळत गेलेल्या आयुष्याला. फास्ट लोकल सोडून स्लो धरायची, कारण ती दर स्टेशनला थांबते. नाट्यगृहात कडेची खुर्ची. पिशवीत पाण्याची बाटली, खिशात गोळीची स्ट्रिप. मग लग्नकार्य टाळायचं, मग बाजार, आणि शेवटी कोणाच्या सोबतीशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही.

इथं घरच्यांची माया कामाला लागते, आणि आम्हांला अप्रिय बोलणं भाग आहे. ‘एकटी जाऊ नकोस, मी येतो.’ ‘राहू दे, त्या गर्दीत कशाला?’ ‘त्याला काही सांगू नका, त्याचा जीव घाबरा होतो.’ अशी काळजी घेणारं घर त्या माणसाला रोज पटवून देत असतं की बाहेर खरंच काहीतरी आहे. कुत्रा भुंकला की दर वेळी काठी घेऊन अंगणात धावणारा मालक त्याला भुंकायलाच शिकवतो. टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं, यातच सगळी मेख आहे. टाळल्यामुळे वाचलो असं मन शिकतं, आणि न टाळताही वाचलो असतो हे शिकायची संधी जाते. झटपट उतार देणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचंही तेच. कायद्यानं त्या चिठ्ठीशिवाय मिळायला नकोत, काउंटरवर काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. त्यांची सवय लागते, शिवाय ‘गोळी होती म्हणून निभावलं’ हा अर्थ पक्का होतो. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणारी ‘नाइस’ ही संस्था पॅनिक डिसऑर्डरसाठी या गटातली औषधं देऊच नयेत असं सांगते. जी औषधं नियमित घेऊन काही आठवड्यांनी गुण येतो, आणि थांबवताना डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायची असतात, त्या नैराश्यविरोधी गटातल्या औषधांची गोष्ट वेगळी. गंमत अशी की आपल्याकडे लोक याच औषधांना ‘सवय लागेल’ म्हणून भितात, आणि अल्प्राझोलामची स्ट्रिप शेजाऱ्याला उसनी देतात.

गुण येणारा दुसरा मार्ग विचार आणि वर्तन यांवरच्या उपचाराचा, आणि तो ऐकायला विचित्र वाटतो. थेरपिस्ट रुग्णाला जागच्या जागी पळायला लावतो, फिरत्या खुर्चीत गरगर फिरवतो, बारीक नळीतून श्वास घ्यायला सांगतो. म्हणजे ज्या संवेदनांची भीती बसली आहे त्या मुद्दाम आणवतो. छाती धडधडते, चक्कर येते, आणि काही होत नाही. हे पुन्हा पुन्हा करायचं, मग ती फास्ट लोकल, तो बाजार, पायरी पायरीनं, बाटली घरी ठेवून. (दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.) प्रत्यक्ष झटका आलेला असताना करायचं ते याच धर्तीचं: पळ काढायचा नाही, झटक्याशी झोंबायचंही नाही. श्वास सोडताना सावकाश सोडायचा, शरीराला त्याचं काम संपवू द्यायचं. अ‍ॅड्रेनॅलिनचा जोर थोड्या वेळात ओसरतोच. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी १९६२ सालच्या पुस्तकात सामान्य वाचकाला हेच सांगितलं होतं. नाकातोंडाला कागदी पिशवी लावायचा सिनेमातला उपाय मात्र सोडून द्यावा, कारण त्रास खरोखर हृदयाचा किंवा फुप्फुसाचा असेल तर तो जिवावर बेतू शकतो.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांचाच येईल: लोकांना ‘पॅनिक’ हा शब्द शिकवला तर खरा हार्ट अ‍ॅटॅक अंगावर काढतील. आक्षेप रास्त आहे. बायकांच्या बाबतीत तर उलटी चूकही होते. हृदयविकार असताना ‘मनाचं आहे’ म्हणून घरी पाठवलं जातं. म्हणून पहिल्यांदा छातीत दुखलं की इस्पितळ गाठायचंच, ई.सी.जी. आणि रक्त तपासायचं, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही पाहायचं. आमचं म्हणणं तपासणीनंतरच्या पाच मिनिटांबद्दल आहे. तपासणी चोख झाली म्हणून समजावणं माफ होत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या परंपरेच्या अभिमान्यांचा: ही सगळी परदेशी थेरं, आपल्याकडे मन खंबीर करायची शिकवण आहे. त्यांनी गीतेचा पहिला अध्याय उघडावा. अंग गळालंय, तोंडाला कोरड, शरीराला कंप, अंगावर काटा, त्वचेची आग, गांडीव हातातून सुटतंय, उभं राहवत नाही, मन भोवंडतंय. अर्जुनाची यादी एखाद्या केसपेपरवर शोभावी. त्याला पॅनिक अ‍ॅटॅक आला होता असं व्याख्यानांतून सर्रास सांगतात, ते आम्हांला पटत नाही. त्याच्यासमोर आजोबा आणि गुरू उभे होते, त्याच्या भयाला कारण होतं. पण पुढचं पाहण्यासारखं आहे. श्रीकृष्णानंही आधी दोन श्लोक खडसावूनच पाहिलं, हे दुबळेपण तुला शोभत नाही म्हणून. उपयोग झाला नाही; अर्जुन आपलं म्हणणं मांडून ‘लढणार नाही’ म्हणून गप्प बसला. मग श्रीकृष्णानं समजावायला सुरुवात केली, आणि ते समजावणं अठराव्या अध्यायापर्यंत चाललं. आपण परंपरेतून नेमके ते पहिले दोन श्लोक उचलले आहेत.

तिसरा आक्षेप आम्हांला सर्वांत वजनदार वाटतो. जूनमध्ये मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलमधून माणसं पडून मेली. ज्याचं सोयाबीन वाहून गेलं त्याला कर्ज दिसतं आहे. अशा समाजात चिंतेला आजार म्हणणं म्हणजे राज्यकर्त्यांची सोय नव्हे का? दारात लटकताना ज्याला भीती वाटते त्याचा मेंदू शाबूत आहे. त्याला गाड्या वाढवून द्या, समुपदेशक नको. कर्जाच्या काळजीवर उतारा भरपाईचा. भरपाईऐवजी ध्यानधारणेचं शिबिर पाठवणाऱ्यांचा आम्हांलाही संताप येतो. पण म्हणूनच फरक कळायला हवा. गाडी रिकामी असताना, दार बंद असताना, पगार वेळेवर होत असताना ज्याची छाती धडधडते त्याला गाड्या वाढवून उतार पडणार नाही. आणि हा त्रास शेतकऱ्यालाही होतो, कर्जाच्या काळजीहून निराळा. त्याला मात्र दोन्ही एकच वाटत राहतात, कारण कोणी वेगळं करून सांगितलेलंच नसतं.

राहता राहिली व्यवहाराची अडचण: एवढे मनोविकारतज्ज्ञ आणायचे कुठून? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात चिंता, नैराश्य यांसारख्या नेहमीच्या विकारांपैकी ८५ टक्के उपचारांविना असल्याचं दिसलं. सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यांत नव्हता. आपलं चित्र फार निराळं असेल असं मानायला आधार नाही. पण तज्ज्ञ कमी असणं हा माहिती न देण्याचा बहाणा कसा होईल? माहिती मराठीत नाही असंही नाही. कि. मो. फडके यांनी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र मराठीत आणलं त्याला बरीच वर्षं झाली, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते आहे. २०२२ पासून १४४१६ हा मानसिक मदतीचा सरकारी फोन क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. रिपोर्ट हातात घेऊन कॅज्युअल्टीबाहेर पडणाऱ्या माणसापर्यंत यातलं काहीच पोचत नाही.

दिवाळीशी याचा संबंध काय, असं कोणी विचारेल. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे ज्योत करून यमासाठी दिवा लावतात, अवचित मरण टळावं म्हणून. मरणाच्या भीतीला कॅलेंडरात हक्काचा दिवस देणाऱ्या समाजानं ती भीती चालत्या गाडीत एखाद्याला गाठते तेव्हा लाजू नये, एवढा संबंध आम्हांला पुरेसा वाटतो. अंकाचा विशेष विभाग ‘भय’ या विषयावर आहे; त्यात ‘मन शांत ठेवण्याचे दहा उपाय’ शोधू नयेत.

डॉक्टर मंडळींकडे, आणि आमच्या वाचकांत ती बरीच आहेत, एकच मागणी आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘नथिंग सिग्निफिकंट’ लिहून झाल्यावर खाली मराठीत चार ओळी लिहाव्यात, नाहीतर रबरी शिक्का करून घ्यावा: तुमचं हृदय आज तपासलं, ते ठीक आहे. तुम्हांला जे झालं तो पॅनिक अ‍ॅटॅक असण्याची शक्यता आहे; तो खरा असतो, भयंकर वाटतो आणि काही मिनिटांत ओसरतो. पुन्हा आला तर त्या जागा टाळू नका. वारंवार आला, किंवा त्याच्या धास्तीनं बाहेर पडणं कमी झालं, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा किंवा १४४१६ वर फोन करा. त्रास वेगळा वाटला, दुखणं हातात-जबड्यात गेलं किंवा चालताना वाढलं, तर परत या. शिक्का बनवायला फारसा खर्च येत नाही.