रात्री विमान कोठे उभे असते?

वाराणसीच्या बालाजी घाटाला रात्री ज्याची नाव बांधलेली असते, त्यालाच पहाटेचा पहिला यात्रेकरू मिळतो. पेशवाईपासून मराठी माणसांचा राबता असलेल्या या घाटावर ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पंचवीसेक किलोमीटरवरील बाबतपूर विमानतळाला आणि देशातील प्रत्येक लहान विमानतळाला हाच हिशेब लागू पडतो. ज्या गावी विमान मुक्कामाला असते, त्या गावाला सकाळचे पहिले उड्डाण मिळते आणि काम उरकून रात्री घरी परतण्याची सोय होते. जेथे ते मुक्कामाला नसते, तेथे मुंबई-दिल्लीच्या गर्दीची वेळ भागवून ते दुपारी केव्हातरी येते आणि सकाळपासून साचलेला उशीर बरोबर आणते.

कंपन्यांच्या भाषेत कार्यक्षमता म्हणजे विमान दिवसाकाठी किती तास हवेत राहिले तो आकडा. विमान बहुधा भाड्याने घेतलेले असते आणि भाडे रात्रीही चढतच असते. सबब ते अर्ध्या तासात रिकामे करून, भरून पुन्हा उडवायचे आणि बारा-बारा तास फिरते ठेवायचे. १९७२ साली अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनीने आपल्या चार विमानांपैकी एक विकले आणि उरलेल्या तिहींवर तेच वेळापत्रक चालविले. विमान दहा मिनिटांत परत फिरवायचे, एवढीच युक्ती. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ही कथा मोठ्या कौतुकाने सांगतात. ती दहा मिनिटे हमाल, सफाई कामगार व तंत्रज्ञ यांच्या अंगमेहनतीतून निघाली, हे सांगायचे मात्र बहुधा राहून जाते. रात्री थंड पडलेली भट्टी मालकाला निव्वळ तोटा वाटते आणि त्यातूनच रात्रपाळी जन्माला येते, हे मार्क्सने १८६७ सालीच दाखविले होते. भट्टीच्या जागी आता विमान आले आहे.

इतक्या ताणलेल्या वेळापत्रकात सैल धागा उरत नाही. थंडीत गंगेच्या मैदानावर धुके उतरले की बाबतपूरला सकाळी अडकलेले विमान दिवसभराच्या पुढील सर्व फेऱ्या बिघडविते. यावर राखीव विमान व राखीव कर्मचारी हाच उपाय आहे. पण त्याला पैसे पडतात.

ते वाचविण्याची किंमत डिसेंबर २०२५ मध्ये देशाने मोजली. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करणारे आणि रात्रीच्या कामात विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणणारे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. देशांतर्गत वाहतुकीचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा असलेल्या इंडिगोकडे पुरेशी तयारी नव्हती. ५ डिसेंबरला एका दिवसात तिची हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. सरकारने वेळापत्रकात दहा टक्के कपात करविली खरी. पण त्याआधी रात्रीच्या कामाच्या नियमांतून कंपनीला तात्पुरती सूटही देऊन टाकली. माणसाची झोप हीच शेवटी राखीव साठा ठरली.

लहान गावांचा अनुभव याहून कडू आहे. 'उडान' योजनेखाली २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली, डिसेंबरात जळगावला एकोणीस आसनी विमान आले. जळगावची ती सेवा फार काळ टिकली नाही आणि नांदेडला सेवा देणारी ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली. मूठभर विमानांवर चालणाऱ्या कंपनीचे एखादे विमान दुरुस्तीला गेले, की तिच्या नकाशातून गावेच्या गावे पुसली जातात. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार पहिल्या तीन फेऱ्यांत मंजूर ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली आणि त्यानंतर, मार्च २०२३ मध्ये, ५४ चालू होते.

सरकारी मालकी आली म्हणजे सारे सुरळीत होईल, असेही नाही. लहान गावांसाठी १९८१ मध्ये काढलेली वायुदूत तोट्यात रुतून १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. परंतु जेथे अनुदान प्रवाशांकडून वसूल केलेल्या आकारातून दिले जाते, तेथे विमान रात्री कोणत्या गावी राहील, ते बिघडल्यास बदली विमान कोठून येईल आणि वैमानिक किती तास झोपलेला असेल, हे करारात लिहून घेण्याचा जनतेला पूर्ण अधिकार आहे. किती फेऱ्या ठरल्या व किती झाल्या, याचा मार्गवार तक्ताही दरमहा त्या त्या विमानतळावर लावला गेला पाहिजे.