माल म्हणून मोजलेली माणसे

दुकानदाराने फसवले तर गिऱ्हाईक काय करते? ते भांडते, पैसे परत मागते आणि ते न मिळाल्यास दुसऱ्या दुकानाची पायरी चढते. मुक्त बाजारपेठेच्या पुरस्कर्त्यांचा सारा युक्तिवाद या शेवटच्या पावलावर उभा आहे. गिऱ्हाईक पाठ फिरवील या धाकानेच व्यापारी सरळ राहतो, तेव्हा सरकारने मध्ये पडण्याचे कारण नाही, असे ते सांगत असतात. २०१७ साली अमेरिकेत घडलेल्या इक्विफॅक्स प्रकरणाने या युक्तिवादाची कसोटी पाहिली आणि तीत तो टिकला नाही. त्या घटनेला काही वर्षे लोटली असली, तरी तिचा धडा जुना झालेला नाही. आपल्या देशापुरता तर तो अजून नीट घेतलाच गेलेला नाही.

इक्विफॅक्स ही पतमाहितीचा व्यापार करणारी कंपनी. १८९९ साली अटलांटा शहरात दोघा भावांनी ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ या नावाने हा धंदा सुरू केला. उधारी कोण फेडतो आणि कोण बुडवतो, याची टिपणे ठेवायची आणि ती व्यापाऱ्यांना विकायची, असे त्याचे स्वरूप होते. माणसांच्या खासगी आयुष्याची ही टिपणे कोणत्या मर्यादेपर्यंत जावीत, असा प्रश्न पुढे अमेरिकन काँग्रेसमध्ये उपस्थित झाला आणि १९७० साली या व्यवसायाला वेसण घालणारा कायदा झाला. १९७५ साली कंपनीने नाव बदलले. धंदा मात्र तोच राहिला.

या कंपनीने ७ सप्टेंबर २०१७ रोजी जाहीर केले की, संगणकचोरांनी तिच्या भांडारातून १४ कोटी ३० लाख अमेरिकनांची माहिती लांबविली आहे. पुढे हा आकडा १४ कोटी ७० लाखांवर गेला. नावे, जन्मतारखा, पत्ते आणि प्रत्येक अमेरिकनाला जन्मभर चिकटलेला सामाजिक सुरक्षा क्रमांक, असा हा ऐवज होता. हरवलेले बँकेचे कार्ड बदलून मिळते. जन्मतारीख बदलून मिळत नाही. ही हानी एका दिवसाची नव्हती, आयुष्यभराची होती.

आणि ती अटळही नव्हती. कंपनी वापरीत असलेल्या एका आज्ञावलीतील दोष मार्च २०१७ मध्येच जाहीर झाला होता आणि त्यावरील दुरुस्तीही उपलब्ध होती. कंपनीत तसे आदेश फिरले; पण तक्रारी स्वीकारणाऱ्या एका यंत्रणेवर ती दुरुस्ती झालीच नाही. बाहेर जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणाऱ्या साधनाचे प्रमाणपत्र मुदत संपून दीड वर्षाहून अधिक काळ तसेच पडले होते. २९ जुलै रोजी त्याचे नूतनीकरण झाले आणि चोरी लगेच दिसली. अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीने डिसेंबर २०१८ च्या अहवालात ही दुर्घटना पूर्णपणे टाळता येण्याजोगी होती, असा निर्वाळा दिला. कंपनीच्या प्रमुखाने मात्र काँग्रेसपुढील साक्षीत निरोप पुढे न पोचविणाऱ्या एका कर्मचाऱ्याकडे बोट दाखविले. वरचा हलगर्जीपणा खालच्या माणसाच्या नावावर मांडण्याची ही रीत आपल्या कामगार चळवळीला नवी नाही.

चोरी उघडकीस आल्यापासून ती जाहीर होईपर्यंत चाळीस दिवस गेले. या मधल्या काळात आपले समभाग विकून तोटा टाळणाऱ्या एका अधिकाऱ्याला पुढे २०१९ मध्ये चार महिन्यांची कैद झाली. सामान्य माणसाला मात्र या चाळीस दिवसांत सावध होण्याची संधी मिळाली नाही. आपली माहिती गेली की नाही हे पाहण्यासाठी कंपनीने जे संकेतस्थळ उघडले, तेथे लोकांकडे सामाजिक सुरक्षा क्रमांकाचेच शेवटचे सहा आकडे मागण्यात आले! कंपनीच्या अधिकृत खात्यावरून तर काही तक्रारदारांना भलत्याच, नावसाधर्म्य असलेल्या संकेतस्थळाचा पत्ता देण्यात आला. ते संकेतस्थळ एका संगणकतज्ज्ञाने कंपनीची चूक दाखवून देण्यासाठीच उभारले होते, म्हणून अनर्थ टळला. आणि मोफत पहारा-सेवेच्या अटींमध्ये एक कलम होते: ग्राहकाने न्यायालयात सामूहिक दावा न करता लवादाकडे जावे. घर लुटू देणाऱ्या राखणदाराने सांत्वनाला यावे आणि येताना फारकतीचा कागदही आणावा, तसा हा प्रकार होता.

लोक संतापले, आणि तो संताप वाया गेला असे म्हणणे खरे होणार नाही. काही दिवसांतच कंपनीला ते कलम मागे घ्यावे लागले. आपल्या नावावर दुसऱ्याने कर्ज काढू नये म्हणून पतमाहिती गोठविण्यासाठी लोकांकडून शुल्क घेतले जाई. तेही कंपनीने काही काळ माफ केले. सप्टेंबर संपण्यापूर्वी कंपनीचा प्रमुख पायउतार झाला. ४ ऑक्टोबरला त्याची सिनेटपुढे साक्ष चालू असताना, त्याच्या मागच्या रांगेत मोनॉपली या खेळातील गर्भश्रीमंत गृहस्थाचा वेश करून, एका डोळ्याला भिंग लावून एक आंदोलक बसून राहिली. सक्तीच्या लवादाचा निषेध तिने शब्दही न उच्चारता देशभर पोचविला.

परंतु संतापाला जे मिळाले नाही, ते अधिक बोलके आहे. सक्तीच्या लवादाची कलमे वापरून सामूहिक दाव्यांचा मार्ग बंद करण्यास वित्तीय कंपन्यांना मनाई करणारा नियम अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण खात्याने त्याच वर्षी जुलैमध्ये केला होता. इक्विफॅक्सविरुद्धचा क्षोभ ताजा असतानाच, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी, सिनेटने तो नियम रद्द केला. मते समसमान पडली आणि उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने ५१ विरुद्ध ५० असा निकाल लागला. कोट्यवधी लोक रागावलेले होते. पण त्या सभागृहात रागाला मत नव्हते, कंपन्यांना होते.

भरपाईची कथाही तशीच. जुलै २०१९ मध्ये सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार कंपनीने ७० कोटी डॉलरपर्यंत रक्कम द्यावयाची ठरली. ज्यांच्याकडे आधीच पहारा-सेवा आहे, त्यांना तिच्याऐवजी १२५ डॉलर रोख मिळतील, असे सांगण्यात आले. लोकांनी अर्जांचा पाऊस पाडला. तेव्हा उमगले की या रोख रकमेसाठी अवघे ३ कोटी १० लाख डॉलर राखून ठेवलेले आहेत. सर्व बाधितांनी ती मागितली असती, तर प्रत्येकाच्या वाट्याला २१ सेंट आले असते! खुद्द सरकारी आयोगाला लोकांना सांगावे लागले की, रोख रकमेचा नाद सोडून पहारा-सेवा घ्या.

असे का झाले? याचे उत्तर एका साध्या वस्तुस्थितीत आहे. हे १४ कोटी ७० लाख लोक इक्विफॅक्सचे ग्राहक नव्हतेच. तिचे ग्राहक बँका, सावकारी संस्था आणि मालक मंडळी. लोक हा तिचा माल. ग्राहकाला दुसरे दुकान गाठता येते, पण गोदामातील पोत्याला गोदाम बदलता येत नाही. त्यामुळे ‘ग्राहकांच्या प्रतिक्रिया’ कितीही तीव्र असल्या, तरी गल्ल्यावर त्यांचा परिणाम होत नव्हता. जे थोडे टिकाऊ मिळाले, ते कायद्याने मिळाले. सप्टेंबर २०१८ पासून पतमाहिती गोठविणे सर्व अमेरिकनांसाठी विनामूल्य झाले, ते कंपनीच्या पश्चात्तापामुळे नव्हे, तर काँग्रेसने तसा कायदा केला म्हणून. ग्राहक म्हणून हरलेला माणूस नागरिक म्हणून थोडा जिंकला, हा या प्रकरणाचा इत्यर्थ आहे.

यावर असे म्हटले जाईल की, कंपनी स्वतःच चोरीला बळी पडली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकन सरकारने या चोरीबद्दल चिनी सैन्यातील चौघांवर आरोप ठेवले, हे खरे. पण चोर बलाढ्य होता म्हणून उघड्या दाराचा दोष जात नाही. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. सरकारी भांडारे तरी सुरक्षित असतात काय? नसतात. २०१५ साली अमेरिकन सरकारच्या कर्मचारी खात्यातून सुमारे २ कोटी १५ लाख लोकांच्या नोंदी चोरीला गेल्या. तेव्हा मालकी बदलली की प्रश्न सुटला, अशी भाबडी समजूत समाजवाद्यांनी करून घेऊ नये. साठा कोणाचाही असो, ज्यांची माहिती त्यात आहे त्यांना जाब विचारण्याचा आणि भरपाईचा हक्क आहे की नाही, हा खरा प्रश्न होय.

हा प्रश्न आपल्या दाराशीही उभा आहे. भारतात पतमाहितीचा व्यवसाय करण्याचा परवाना असलेल्या चार कंपन्यांपैकी एक इक्विफॅक्सची आहे. गावच्या बचत गटातील जी स्त्री सूक्ष्मवित्त कंपनीचे कर्ज घेते, तिचा हप्ता चुकल्याची नोंद अशाच भांडारात जाते. तिने या कंपन्यांची नावेही ऐकलेली नसतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने चोरी झाल्यास प्रत्येक बाधिताला कळविण्याचे बंधन घातले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. सुरक्षेत कसूर करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडही त्यात आहे. पण हा दंड जातो भारताच्या संचित निधीत. जिची माहिती गेली, तिला त्यातले काही नाही. एवढेच नव्हे, तर हलगर्जी कंपनीने बाधिताला भरपाई द्यावी असे सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ४३ अ हे कलमच वगळण्याची तरतूद या नव्या कायद्यात आहे. उलट खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्यास तक्रारदारालाच १० हजार रुपयांपर्यंत दंड! अमेरिकनाच्या वाट्याला निदान २१ सेंटांचा हिशेब तरी आला. आपल्याकडे तो मांडण्याची जागाच पुसली जात आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे दोन कामे आहेत. पहिले आजचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला अहवाल विनामूल्य मिळतो आणि तक्रार तीस दिवसांत न सुटल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बचत गटांच्या बैठकीत, कामगार वस्तीत हे सांगा, अर्ज भरून द्या, चुकीच्या नोंदी दुरुस्त करून घ्या. दुसरे काम दीर्घ पल्ल्याचे. बाधिताला भरपाईचा हक्क आणि अनेकांनी मिळून दाद मागण्याची सोय कायद्यात यावी, यासाठी लोकमत संघटित करणे. एकट्याचा संताप तक्रारखिडकीपाशी विझतो. तो संघटित झाला, तरच कायद्यापर्यंत पोचतो.