डिजिटल रेडिओ घ्यावा काय?

गेल्या दोन-तीन महिन्यांत तीन निरनिराळ्या वाचकांनी आम्हांस जवळजवळ एकच प्रश्न विचारला आहे : डिजिटल रेडिओ म्हणून जो नवा संच निघाला आहे, तो घ्यावा काय? विचारणारे तिघेही साठी उलटलेले. तिघांच्या घरी दूरदर्शन संच आहे, तिघांच्या खिशात मोबाइल आहे, आणि तरीही रेडिओची ओढ सुटलेली नाही. त्यामुळे हा प्रश्न केवळ हौसेचा आहे, असे आम्ही समजत नाही.

सुरतेतील मराठी घरांचे रेडिओशी असलेले नाते जरा निराळे आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला मराठी ऐकावयास रेडिओ लावावा लागत नसे. खिडकी उघडली की पुरे. आपल्याकडे मात्र मराठी बातम्या, नाट्यसंगीत, कीर्तन घरात यावयाचे ते मुंबई केंद्राच्या मध्यम लहरींवरून. रेल्वेने अडीचशे किलोमीटरांहून अधिक असलेले हे अंतर त्या लहरी ओलांडीत, याचे श्रेय पुष्कळसे समुद्राला आहे. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत सरकतात, आणि खारी, ओलसर किनारपट्टी त्यांना खडकाळ मुलुखापेक्षा दूरवर वाहून नेते. रात्र पडली की त्याच लहरी वरच्या वातावरणावरून परावर्तित होऊन दूरदूरची केंद्रे एकमेकांत मिसळत, आणि ऐन रंगात आलेल्या पदावर कोणत्या तरी परभाषेतील भाषण चढून बसे. उधना-लिंबायत भागातील खानदेशी कुटुंबे जळगावचे केंद्र पकडण्यासाठी काटा केसाएवढा सरकवीत, हेही पुष्कळांना स्मरत असेल. त्या काळी या खरखरीसाठीसुद्धा टपाल कचेरीत दरसाल परवान्याचे पैसे भरावे लागत!

ही खरखर घालविणे हेच डिजिटल रेडिओचे पहिले आश्वासन होय. जुन्या पद्धतीत आवाजाच्या चढ-उताराप्रमाणे लहरीचाच जोर कमी-अधिक केला जातो; वाटेत वीज कडाडली की तीही त्यात मिसळून कानावर येते. नव्या पद्धतीत आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून ते आकडे प्रक्षेपित करतात आणि घरातील संच त्यांपासून पुन्हा आवाज घडवितो. भारताने मध्यम व लघु लहरींसाठी निवडलेल्या पद्धतीचे नाव ‘डिजिटल रेडिओ मॉन्दिआल’, म्हणजेच डीआरएम. या पद्धतीसाठी आंतरराष्ट्रीय संघटना 1998 मध्ये स्थापन झाली. आकाशवाणीने पुढे मध्यम लहरींवर अशी 35 प्रक्षेपके बसविली. त्यांत राजकोटचे 1000 किलोवॉटचे प्रचंड प्रक्षेपकही आहे. एकाच प्रक्षेपकावरून एकाहून अधिक कार्यक्रम पाठविता येतात, पडद्यावर मजकूर दिसतो, आणि तेवढेच क्षेत्र व्यापण्यास वीज कमी लागते. आकाशवाणीच्या दृष्टीने हा शेवटचा लाभ लहान नव्हे.

परंतु आकड्यांचा एक स्वभाव ग्राहकाने जाणून घ्यावा. जुना रेडिओ अंतर वाढत जाईल तसा हळूहळू क्षीण होई. शब्द अर्धवट कळे, पण कळे. डिजिटल संचाचे तसे नाही. आकडे पुरेसे पोहोचले तर आवाज निर्मळ. थोडे कमी पडले की तुकडे पडतात, आणि आणखी कमी पडले की पूर्ण शांतता. आमच्या पिढीला खरखरीतून गाणे वेचून घेण्याची सवय आहे. त्या सवयीचा येथे काही उपयोग नाही. प्रक्षेपकाजवळ राहणाऱ्याला हा संच वरदान वाटेल. सुरतेसारख्या, मराठी केंद्रांच्या कडेवर असलेल्या गावी तो कित्येकदा मुका बसून राहील. त्यातून आपले शहर यंत्रमागांचे. मोटारी, एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर ही सारी मध्यम लहरींत गोंगाट सोडीत असतात. सिमेंटच्या सदनिकेत तर संच खिडकीशी नेऊन ठेवल्यावाचून गत्यंतर नाही. डिजिटल झाल्याने हा गोंगाट नाहीसा होत नाही. तो आपल्या कानांवर येण्याऐवजी संचाला चकवितो, एवढेच.

आता खरेदीचे पाहू. आम्ही स्वतः बाजारात विचारपूस केली, तेव्हा एका दुकानदाराने मोठ्या आदराने ब्लूटूथचा चकचकीत डबा पुढे केला आणि ‘आ डिजिटल ज छे’ अशी ग्वाही दिली. त्यावर आकडे हिरव्या अक्षरांत उमटत होते, हे खरे. आकडे दाखविणारा रेडिओ आणि डिजिटल प्रक्षेपण उलगडणारा रेडिओ या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत. पहिला काही शेकड्यांत मिळतो. खरा डीआरएम संच भारतात बाजारात आला, तेव्हा त्याची किंमत दहा हजारांच्या वर होती. त्या किमतीला तो ज्यांच्यासाठी काढला, त्या सामान्य श्रोत्याने पाठ फिरविली तर दोष कोणाला द्यावा? संच महाग म्हणून श्रोते नाहीत, आणि श्रोते नाहीत म्हणून संच स्वस्त होत नाहीत! शिवाय डिजिटल संचातील गणितयंत्र साध्या ट्रान्झिस्टरहून अधिक वीज खाते. सेलवर चालविणाऱ्याने तेही लक्षात घ्यावे. मोटारगाड्यांची गोष्ट वेगळी. ह्युंदाई, मारुती सुझुकी यांच्या कित्येक गाड्यांत ही सोय बसवूनच येते, आणि पुष्कळ मालकांना ती आपल्या गाडीत आहे याचा पत्ताही नसतो.

यापुढचा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने मध्यम व लघु लहरींवरील जुनी प्रक्षेपके एकामागून एक बंद केली आहेत आणि भर एफएमवर दिला आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने खासगी एफएम केंद्रांसाठीही डिजिटल प्रक्षेपणाची शिफारस केली. प्रथम ज्या 13 शहरांचा विचार झाला, त्यांत सुरत आहे. देशभर एकच पद्धत असावी, असे प्राधिकरणाने म्हटले. ती कोणती, हे मात्र त्याने स्वतः ठरविले नाही. म्हणजे आज मध्यम लहरींसाठी घेतलेला संच उद्याच्या एफएमवरील डिजिटल कार्यक्रम उलगडीलच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नॉर्वेने 2017 साली राष्ट्रीय केंद्रांचे एफएम बंद करून टाकले, तेव्हा तेथे निराळी, डॅब नावाची पद्धत घरोघरी पोहोचली होती. आधी घरे तयार करावयाची, मग जुने बंद करावयाचे, हा तो क्रम. आपल्याकडे प्रक्षेपके आधी उभी राहिली आणि संच मागे राहिले.

मग मोबाइल काय वाईट, असे घरातील तरुण मंडळी विचारतील. मराठी कार्यक्रमांपुरते म्हणावयाचे तर मुळीच वाईट नाही. ‘न्यूज ऑन एअर’ या आकाशवाणीच्या ॲपवर महाराष्ट्रातील कितीतरी केंद्रे लागतात, आणि नागपूर असो वा पुणे, अंतराचा प्रश्नच उरत नाही. नातवाने एकदा लावून दिले की आजोबांचे काम भागते.

तथापि ऑगस्ट 2006 चा महापूर ज्यांनी सुरतेत काढला, त्यांना वेगळे काही सांगावयास नको. उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीच्या पात्रात मावेना. बहुतेक शहर पाण्याखाली गेले, वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. वरच्या मजल्यावर अडकलेल्या कुटुंबाला पाणी चढते आहे की उतरते आहे, एवढेच कळावयास हवे होते. मोबाइलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते, आणि शेकडो माणसे एकाच वेळी बोलू लागली की तो गुदमरतो. रेडिओचे प्रक्षेपण एकाने ऐकले काय आणि लाखांनी ऐकले काय, त्याच्यावर भार पडत नाही. डिजिटल पद्धतीत तर संकटाच्या वेळी संच आपोआप इशाऱ्याच्या वाहिनीकडे वळविण्याची योजनाही आहे. ती योजना गुणाची आहे. पण ज्याच्या माळ्यावर तो संचच नाही, त्याला ती कशी वाचविणार?

विचारणाऱ्या तिघांना आमचे उत्तर असे. केवळ मराठी ऐकण्यासाठी आज डिजिटल संच घेऊ नये, ॲप वापरावे. मुलगा नवी गाडी घेत असेल तर तीत डीआरएम आहे का, हे अवश्य विचारावे आणि असल्यास गाडी शहराबाहेर मोकळ्यावर नेऊन ऐकून पाहावे. ज्याला यंत्रांची हौस आहे व दहा-पंधरा हजार जड नाहीत, त्याने खुशाल घ्यावा; मात्र विक्रेत्याकडून आपल्याच घरात, आपल्याच खिडकीशी, दिवसा व रात्री असा दोनदा वाजवून घेतल्यावाचून पैसे मोजू नयेत. आणि प्रत्येक घरात सेलवर चालणारा एक साधा एफएम ट्रान्झिस्टर असावाच. पावसाळ्यापूर्वी त्यात नवे सेल घालावेत, आणि दिवाळीनंतर ते काढून ठेवावेत; आत राहिलेले सेल पाझरून कित्येक चांगले संच वाया जातात.